कंत्राटी मावशींची पडताळणी कुणी करायची?

प्रश्न : मुलगी बालवाडीत आहे. मावशी आणि व्हॅनचे काका कंत्राटी आहेत. त्यांची पोलीस पडताळणी झाली का, असं विचारलं तर शाळा म्हणते, "ते ठेकेदार बघतो." हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. २०२० च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या) नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, म्हणजे शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी यांनी, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असते. शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी. ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटका नाही. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाले, त्या प्रकरणातला आरोपीही कंत्राटी सफाई कामगारच होता. त्यानंतर राज्य शासनानेही शाळांना पडताळणीबाबत पुन्हा बजावलं.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोलीस पडताळणीच्या दाखल्याची तारीख विचारा. पाच वर्षांपूर्वीच्या कागदावर भागवून घेऊ नका. दाद लागली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांकडे जा.

मात्र दाखला कोरा म्हणजे माणूस निर्धोक, असं नव्हे. पोलीस फक्त नोंदलेले गुन्हे पाहतात. आधीची नोकरी का सुटली, हे तिथे फोन करूनच कळतं, आणि नेमका तोच फोन बहुतेक शाळा करत नाहीत. लहानग्यांना स्वच्छतागृहात कोण नेतं, हेही विचाराच. शंका आली तर १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.