अवकाळी पावसात मेंढ्या कशा जपाव्यात?

प्रश्न : आमचा दख्खनी मेंढ्यांचा वाडा दिवाळीनंतर शेतात बसतो. हल्ली ऐन थंडीत पाऊस येतो आणि मेंढ्या काकडून मरतात. काय करावे? – एक मेंढपाळ, पारनेर

उत्तर : दादा, डिसेंबर २०२१ च्या अवकाळीत पुणे-नगर भागात हजारो मेंढ्या-शेळ्या दगावल्या. कोरडी थंडी दख्खनी मेंढी सोसते. पण भिजलेली लोकर आणि वारा एकत्र आले की अंगातली ऊब झपाट्याने जाते. कोकरे आणि नुकत्याच कातरलेल्या मेंढ्या आधी बळी पडतात. म्हणून हवामानाचा अंदाज पाहूनच लोकर कातरा. वाडा सखल जागी नको, मुरमाड उंचवट्यावर बसवा आणि वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री बांधा. भिजलेले कोकरू कोरड्या पोत्याने खसाखसा पुसा, शेकोटीजवळ ठेवा आणि मान धरू लागले की मगच कोमट दूध पाजा. नवजात कोकराला तासाभरात चीक मिळालाच पाहिजे. पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर कळप एकदम सोडू नका. आंत्रविषाराचा धोका असतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्या. एवढे करूनही मेंढ्या दगावल्या, तर त्याच दिवशी तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून पंचनामा करून घ्या. भरपाईवर तुमचा हक्क आहे, तो सोडू नका.