भंडारदऱ्याचा दिवा : वीजबचतीतील भागीदारीचा विचार

अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याचा नियम शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास विचारतो. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाला 'साखर कमी न्या' असे कधी म्हणत नाही. मग वीज विकणारी कंपनी 'वीज जपून वापरा' असे का सांगते? हा नुसता उपदेश आहे, की त्यात तिचाही काही हिशेब आहे? उत्तर शोधण्यास आपल्या जिल्ह्यातील भंडारदऱ्याइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही, असे मला वाटते.

अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या ऐन कुशीत प्रवरेवर विल्सन धरण आहे. ते १९२६ साली पूर्ण झाले. धरणाजवळ शेंडी, तर जलाशयाकाठी मुरशेत, पांजरे, रतनवाडी अशी गावे आहेत. मे-जूनमध्ये काजवे पाहण्यास आणि पावसाळ्यात धबधब्यांसाठी येथे पर्यटकांची रीघ लागते. या पाण्यावर वीजही तयार होते. जवळच्या घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. कोकणच्या बाजूला खाली सोडलेले पाणी, विजेची मागणी कमी असते त्या वेळी पंपांनी पुन्हा वर चढवायचे आणि मागणी वाढली की त्यावर वीज काढायची, अशी त्याची रीत आहे. अशा केंद्रांत साधारणपणे चार युनिटे खर्चावीत तेव्हा तीन परत मिळतात. एवढा तोटा सोसूनही हा खटाटोप परवडतो, कारण सर्व युनिटांचे मोल सारखे नसते. संध्याकाळी, सर्वांचे दिवे एकदम लागतात तेव्हाचे युनिट सर्वांत महाग असते. त्या वेळी वाचवलेले युनिट कंपनीलाही हवेच असते.

दुसरे कारण तारांचे. डोंगरातील वाहिन्या लांब पल्ल्याच्या असतात. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह निम्मा झाला की ही गळती चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून वाहिनीच्या शेवटच्या टोकाला वाचलेले एक युनिट हे वीजकेंद्राच्या दृष्टीने एकाहून अधिक ठरते.

येथे न्यायाचाही प्रश्न आहे. पाणी तापवण्याचा दोन किलोवॅटचा एक विजेचा बंब म्हणजे नऊ वॅटचे दोनशेहून अधिक दिवे. एखाद्या विश्रामगृहात असे दहा बंब एकदम सुरू झाले आणि वाहिनी तोकडी असली, तर त्याच वाहिनीवरील टोकाच्या पाड्यावरचा दिवा मंदावणार. पाहुणा दोन दिवसांनी निघून जातो. पाड्यावरच्या मुलाला मात्र त्याच दिव्याखाली वर्षभर अभ्यास करायचा असतो.

मग बचतीत भागीदारी कशी व्हावी? याचा एक धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने १९७१ पासून सुमारे चाळीस वर्षे श्रीरामपूर-राहुरी भागात वीज वितरित केली. ग्राहकच सभासद, म्हणजेच मालक, ही कल्पना उदात्त होती. परंतु शेतीपंपांची आकारणी बहुतांशी मीटरवर नव्हे, तर अश्वशक्तीवर होत असे. पंप दोन तास चालो की आठ तास, बिल तेवढेच! थकबाकीचा डोंगर वाढत गेला आणि २०११ मध्ये हे वितरण महावितरणकडे गेले. संस्था बुडण्याची कारणे अनेक सांगितली जातात. माझ्या मते एवढे निश्चित, की मोजमाप नसेल तर मालकालाही काटकसर सुचत नाही.

दुसरा धडा २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'उजाला' योजनेचा. सरकारी कंपनीने एलईडी दिवे घाऊक खरेदी केले आणि वीज वितरण कंपन्यांच्या मदतीने घरोघरी पोचवले. २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांना खरेदी होणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. काही ठिकाणी ग्राहकाला ही किंमत वीजबिलातून हप्त्याहप्त्याने फेडता येई. साठ वॅटच्या दिव्याजागी नऊ वॅटचा दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला साडेसात युनिटे वाचतात. हप्ता त्यातूनच फिटतो.

हे दोन्ही धडे भंडारदऱ्याला लावून पाहावेत. महावितरण, ग्रामपंचायत आणि विश्रामगृहचालक यांनी मिळून एक वाहिनी निवडावी. तिच्या मुळाशी आणि प्रत्येक ग्राहकाकडे चोख मोजणी व्हावी. उन्हाळ्या-हिवाळ्यात पाणी सौर बंबावर तापवावे. पावसाळ्यात ढगांमुळे तो फारसा उपयोगी पडत नाही. तेव्हा बंबांना उष्णतारोधक आवरण घालावे आणि पाणी दुपारीच तापवून ठेवावे. अंगणातील प्रखर दिवे काजव्यांच्या हंगामात मालवावेत, कारण काजव्यांना काळोखच लागतो. खर्चाचे हप्ते बचतीतून फेडावेत, आणि उरलेल्या लाभाचा काही भाग टोकाच्या पाड्यांच्या तारा सुधारण्यास द्यावा.

एक अट मात्र मी महत्त्वाची मानतो. या हिशेबाची वही दरवर्षी ग्रामसभेत उघडली जावी. किती वाचले आणि ते कोणाच्या पदरात पडले, हे पाड्यावरच्या माणसालाही विचारता आले, तरच त्या व्यवहाराला भागीदारी म्हणता येईल.