कोष्टकांतील घर शोधण्याची रीति

वेब-पानांतील इष्ट घटकाचा पत्ता सांगणाऱ्या 'एक्सपाथ' भाषेची पहिली आवृत्ति इ. स. १९९९ मध्यें सिद्ध झाली. गुणपत्रकांतून गणिताचे गुण हवे असल्यास 'तिसरी ओळ, दुसरें घर' असें लिहितां येतें; गणना एकापासून होते, शून्यापासून नव्हे. परंतु वर एक विषय वाढतांच तोच पत्ता निमूटपणें भलत्या विषयाचे गुण आणतो, आणि कोणास संशयहि येत नाहीं! म्हणून 'ज्या ओळीच्या पहिल्या घरांत गणित हा शब्द आहे, तिचेंच दुसरें घर' असा पत्ता आम्हांस अधिक भरंवशाचा वाटतो. आणखी एक खोडी: मूळ लेखांत नसलेला 'टीबॉडी' ब्राउझर स्वतःच मध्यें घालतो. त्यामुळें ब्राउझरांत 'टेबल'पुढें एकच तिरपी रेघ देऊन 'टीआर', म्हणजे ओळ, मागितल्यास कांहींच हातीं लागत नाहीं. दोन रेघा दिल्यास लागतें.