निकाहचा दिवस, कॅमेरा आणि अमानत

मे महिन्यात मुंबईहून व आखाती देशांतून मंडळी गावी परततात आणि मालवणच्या किनारपट्टीवर निकाहांची लगबग सुरू होते. सोबत कॅमेराही येतो. छायाचित्रणाविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. काही ते निषिद्ध मानतात, काही मर्यादांसह अनुमती देतात. ज्या घरांत छायाचित्रे घेतली जातात, त्यांनी दोन मर्यादा अवश्य सांभाळाव्यात.

पहिली वेळेची. मेच्या पहिल्या आठवड्यात येथे भर दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो आणि चेहऱ्यांवर गडद सावल्या पडतात. म्हणून छायाचित्रकार वधू-वरांना सायंकाळच्या कोवळ्या उन्हात समुद्रकिनारी नेतो. सूर्यास्त सुमारे ७ वाजता. म्हणजे नेमकी अस्रची वेळ. नमाज ठरावीक वेळीच अनिवार्य आहे (सूरह अन-निसा : १०३). तेव्हा अस्र अदा करूनच निघावे व मगरिबपूर्वी परतावे.

दुसरी अमानतीची. स्त्रियांच्या दालनात भगिनी निःसंकोच वावरतात. तेथे सहज मोबाइलवर टिपलेले चित्र रात्रीपर्यंत व्हॉट्सअॅपवरून परक्यांच्या हाती पोहोचते. मग ते परत घेता येत नाही. दुसऱ्याच्या घरात अनुमतीविना प्रवेश करू नये, असा कुरआनचा आदेश आहे (सूरह अन-नूर : २७). मग परक्या नजरांना त्या दालनात नेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? अमानती जपणे हे श्रद्धावंतांचे लक्षण आहे (सूरह अल-मुअ्मिनून : ८). म्हणून हे काम स्त्री छायाचित्रकाराकडेच सोपवावे, प्रत्येकीला आधी विचारावे, नकाराचा मान राखावा आणि छायाचित्रे कोणाकडे राहतील हे आगाऊ ठरवावे.

अल्लाह आपल्या आनंदात बरकत देवो व अमानती जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.