शोधणाऱ्याच्या शब्दांचा अभ्यास: एसईओ क्षेत्रातील करिअर

संकेतस्थळाचे एखादे पान गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांच्या निकालांत वर यावे यासाठी त्या पानाचा मजकूर, मांडणी आणि तांत्रिक बाजू यांवर जे पद्धतशीर काम केले जाते, त्यास सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एसईओ, असे म्हणतात. बारावीनंतर किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी या क्षेत्राचा विचार करू लागला की पालकांच्या मनात दोन शंका हमखास येतात: हे खरोखर शिकण्याजोगे कौशल्य आहे की शब्दांची नुसती हातचलाखी, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रेट्यात ते टिकेल काय. दोन्ही शंका रास्त आहेत. मात्र हे काम नेमके कसे चालते ते पाहिल्यावाचून त्यांची उत्तरे मिळत नाहीत.

शोधयंत्राचे स्वयंचलित प्रोग्राम, ज्यांना क्रॉलर म्हणतात, एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात मजकूर वाचतात, त्या मजकुराची प्रचंड सूची, म्हणजे इंडेक्स, तयार होते आणि कोणी काही शोधले की त्या सूचीतील योग्य वाटणारी पाने क्रमाने लावून दाखवली जातात. शोधणारा जे शब्द टाइप करतो किंवा बोलतो, ते ध्यानात घेऊन पानासाठी निवडलेल्या शब्दसमूहास कीवर्ड म्हणतात. सुरुवातीच्या शोधयंत्रांचा भर पानावरील शब्दांवरच असल्यामुळे एकच शब्द पन्नास वेळा लिहिणे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तो दडवणे असे प्रकार सर्रास चालत. त्यालाच कीवर्ड स्टफिंग हे नाव पडले. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँक पद्धतीने इतर पानांवरून येणाऱ्या दुव्यांना महत्त्व दिले, तेव्हा दुवे विकत घेण्याचा धंदा फोफावला. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी देण्याची जी सोय होती, तिचा क्रमवारीसाठी उपयोग केला जात नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. २०११ च्या पांडा या बदलाने निकृष्ट मजकुराची आणि २०१२ च्या पेंग्विनने कृत्रिम दुव्यांची किंमत उतरवली. आणि २०१९ मध्ये गूगलच्या शोधात वापरात आलेल्या बर्ट या भाषिक प्रारूपामुळे वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध यंत्राला अधिक चांगला उमगू लागला. अमुक टक्के वेळा कीवर्ड यायलाच हवा, असे आजही शिकवणारा अभ्यासक्रम हा सारा इतिहास घडण्यापूर्वीचा आहे, असे समजण्यास हरकत नाही.

मग आज कीवर्डचे काम उरते ते कोणते? देवगडच्या एखाद्या बागायतदाराने आंब्याच्या थेट विक्रीसाठी संकेतस्थळ काढले आहे असे मानू. ‘हापूस’ एवढाच शब्द धरून पहिल्या पानावर पोहोचणे त्याला जवळपास अशक्य आहे, कारण तेथे मोठी विक्री-संकेतस्थळे, वृत्तपत्रे आणि ज्ञानकोश आधीच ठाण मांडून बसलेले असतात. शिवाय तो शब्द टाइप करणाऱ्याला आंबा घ्यायचा आहे, आमरसाची कृती हवी आहे की जातीची माहिती, हेही त्यावरून कळत नाही. ‘हापूस आणि पायरीतील फरक’ शोधणाऱ्याला माहिती हवी असते, ‘हापूस पेटीचा आजचा भाव’ शोधणारा तुलना करत असतो, तर ‘देवगड हापूस पाच डझन पेटी पुणे घरपोच’ असे लिहिणाऱ्याने खरेदीचे मन जवळजवळ केलेलेच असते. शोधामागील या हेतूला सर्च इंटेंट म्हणतात आणि प्रत्येक हेतूसाठी वेगळे, पुरेसे उत्तर देणारे पान तयार करणे हा एसईओचा गाभा आहे. खरेदीच्या पानावर दर, पेटीतील फळांची संख्या, आंबा अढीत कसा पिकवला आणि कोणत्या शहरांत किती दिवसांत पोहोचेल हे स्पष्ट लिहिलेले हवे. फरक सांगणाऱ्या पानावर दोन्ही फळांची शेजारी शेजारी ठेवलेली छायाचित्रे हवीत. हंगामाचेही भान लागते: गूगल ट्रेंड्स या मोफत साधनात हापूसच्या शोधांचा आलेख दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर चढताना दिसतो, आणि नवे पान निकालांत स्थिरावण्यास वेळ लागत असल्याने मजकूर थंडीतच तयार असावा लागतो.

मराठी विद्यार्थ्याला येथे एक खरी संधी आहे. सातबारा उतारा शोधणारे शेतकरी तो शब्द देवनागरीत एकत्र लिहितात, तोडून लिहितात, आकड्यांत मध्ये तिरकी रेघ देऊन लिहितात, आणि अनेक जण रोमन लिपीत आपापल्या उच्चाराप्रमाणे लिहितात. शिवाय विभक्तिप्रत्यय लागताच शब्दाचे रूप बदलते, जसे पुणे, पुण्यात, पुण्याहून. ही सारी रूपे एकाच गरजेची आहेत हे ओळखून, त्यांची कृत्रिम खिचडी न करता, स्वाभाविक मराठीत मजकूर लिहिणे हे भाषांतराच्या यंत्रावर सोपवण्यासारखे काम नाही. कला शाखेत मराठी किंवा समाजशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याने या क्षेत्राला बिचकू नये, असे निश्चयाने म्हणता येते.

तांत्रिक बाजू त्यामानाने लवकर आत्मसात होते: निकालात दिसणारे शीर्षक व वर्णन, मथळ्यांची रचना, अंतर्गत दुवे, मोबाइलवर पान उघडण्याचा वेग. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची शिफारस आहे. थोडे एचटीएमएल आणि स्प्रेडशीटवर चांगला हात बसला की बहुतेक काम निभावते. ज्यांना प्रोग्रामिंगची आवड आहे त्यांना टेक्निकल एसईओ ही वेगळी वाट उपलब्ध आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची भीती निराधार नाही. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल अनेक प्रश्नांची यंत्राने तयार केलेली उत्तरे निकालांच्या वर दाखवू लागले, आणि ज्या पानांवर केवळ सहज मिळणारी माहिती आहे त्यांच्याकडे येणारा वाचक त्या उत्तरावरच थांबण्याचा धोका आहे. इकडची तिकडची माहिती जुळवून लेख पाडण्यावरच ज्यांचा भर आहे, त्यांच्या नोकऱ्या यात सर्वाधिक धोक्यात आहेत. उलट, डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने आपल्या मूल्यमापकांच्या मार्गदर्शिकेत तज्ज्ञता, अधिकार व विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘अनुभव’ हा निकष घातला. ज्याने बाग राखली आहे त्याच्याकडून त्या अनुभवाची माहिती काढून घेऊन नीट मांडणाऱ्या माणसाची गरज म्हणूनच टिकून आहे. करिअर निवडताना ही सीमारेषा पाहावी.

नोकरीची सुरुवात बहुधा डिजिटल मार्केटिंग एजन्सीत एसईओ एक्झिक्युटिव्ह म्हणून होते आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे पालकांनी गृहीत धरावे. त्यासाठी कोणतीही विशिष्ट पदवी सक्तीची नाही. तरीही पदवी अर्धवट सोडून या क्षेत्रात उडी घेणे अविचाराचे ठरेल, कारण पुढे कंटेंट, जाहिरात किंवा विश्लेषण अशा शेजारच्या कामांकडे वळताना पदवीचा उपयोग होतो. महागड्या क्लासची फी भरण्यापूर्वी गूगलची एसईओविषयीची मोफत मार्गदर्शिका विद्यार्थ्याने मुळातून वाचावी. गूगलमध्ये पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही आणि कामाचा परिणाम दिसण्यास बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलनेच स्पष्ट केले आहे. तेव्हा महिनाभरात पहिले पान किंवा शंभर टक्के नोकरी अशी जाहिरात करणाऱ्या संस्थेला पालकांनी तिचे माजी विद्यार्थी कोणत्या संकेतस्थळावर काम करत आहेत, हे दाखवण्यास सांगावे.

शिकत असतानाच विद्यार्थ्याने ओळखीतील एखाद्या दुकानाचे, बचत गटाचे किंवा गावच्या वाचनालयाचे छोटे संकेतस्थळ हाती घ्यावे आणि ते गूगल सर्च कन्सोल या मोफत साधनाशी जोडावे. कोणत्या शब्दांसाठी पान दिसले, किती जणांनी ते उघडले आणि सरासरी क्रमांक किती होता, ही मागील सोळा महिन्यांपर्यंतची नोंद तेथे पाहता येते. शीर्षक कोणत्या तारखेला बदलले, का बदलले आणि त्यानंतर आकडे कोठे गेले, याची स्वतंत्र वही ठेवावी. आकडे घसरले असतील तर तेही लिहावे, कारण मुलाखतीत बहुतेक प्रश्न याच वहीतून निघतात.