सोनूच्या भाषणासाठी

चि. सोनूस,


वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेला तुझा मसुदा वाचला. अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांनी काय सोसलं, याला तू तीन पानं दिलीस. त्यांनी काय विचार मांडला, याला जेमतेम एक परिच्छेद. हे मला पटलं नाही. सोसणं त्यांच्यावर लादलेलं होतं, विचार त्यांचा स्वतःचा होता.

सुरुवात मारिया स्टुअर्टपासून कर. लहानपणी पोरकी होऊन परक्या घरी राबलेली ही बाई १८३२ साली बोस्टनच्या फ्रँकलिन हॉलमध्ये स्त्री-पुरुषांपुढे बोलायला उभी राहिली. स्वतःचा धंदा चालवणाऱ्या बायकांना तिने विचारलं होतं, आमच्या मुलींना कामावर घ्याल का? आमची हरकत नाही, पण तशी रीत नाही, गिऱ्हाईक तुटेल, असं उत्तर मिळालं. ते तिने सभेत जसंच्या तसं सांगितलं. गुलामगिरी नसलेल्या उत्तरेतही काळी मुलगी मोलकरीणच का राहते, याची ती उकल होती.

सोजर्नर ट्रुथचं ॲक्रनचं भाषण मात्र बदल. ते १८५१ चं. तू घेतलेली संहिता फ्रान्सिस गेज या गोऱ्या बाईंनी १८६३ मध्ये छापली. त्यात दक्षिणेकडची बोली आहे, तेरा मुलं आहेत. ट्रुथ न्यूयॉर्क राज्यातली, लहानपणी डच बोलणारी, पाच मुलांची आई. भाषणानंतर महिन्याभरात 'अँटी-स्लेव्हरी ब्यूगल'ने छापलेल्या वृत्तांतात 'मी बाई नाही का?' हे गाजलेलं पालुपदच नाही. टाळ्या त्याच ओळीला पडतात हे मला ठाऊक आहे, तरी ती गाळ. तिचा युक्तिवाद घे: नांगरणी-कापणीत मी पुरुषाच्या बरोबरीने राबते, बाईच्या बुद्धीचं माप लहान म्हणता, तर ते लहान माप तरी भरू द्या!

फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केली, हे एका वाक्यात सांग. त्याहून जास्त नको, भाषण या बायकांचं आहे.

बोलताना गळा दाटला तर घाबरू नकोस. मेम्फिसमध्ये जमावाने मारलेल्या मित्रांची हकीकत पत्रकार आयडा वेल्स १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत वाचत होती, तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली. तिने हात मागे करून रुमाल मागितला आणि वाचत राहिली.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
मावशी