नदीच्या अलीकडचे नग्गर

१९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन ज्या आमच्या सावली गावात भरले, तेथे दिलेला शब्द हाच करारनामा मानावा, ही वडिलांची शिकवण. आणि त्याच शिकवणीपोटी नागपुरातील सहली काढणाऱ्या एका गृहस्थाच्या तोंडी वचनावर चौघांची संपूर्ण रक्कम मी आगाऊ त्याच्या हवाली केली, याचा सल अद्याप जात नाही.

‘काकाजी, मुक्काम नग्गरलाच, बर्फ दारात,’ असे तो म्हणाला होता. कुलूच्या राजांची ती जुनी राजधानी, दगड आणि देवदाराच्या तुळया यांचे एकाआड एक थर रचून बांधलेली व १९०५ च्या कांगडा भूकंपातही तगलेली तेथील गढी, चित्रकार निकोलस रोरिक १९४७ साली जेथे निवर्तले ते घर, हे सारे पायी हिंडून पाहावे आणि एक दिवस सोलंगच्या उतारांवरील स्कीइंग पाहावे, एवढीच आमची अपेक्षा. डिसेंबरात रात्री उशिरा पोहोचलो. सकाळी सौ.ने खिडकी उघडली, तो समोर ट्रकांची रांग! खालच्या चहावाल्याला गढीची वाट विचारताच त्याने बियासच्या पलीकडे बोट दाखवले: ‘नग्गर तो उधर है, बाबूजी, यह पतलीकूहल है.’

फोनवर त्या गृहस्थाचा स्वर यत्किंचितही ढळला नाही. ‘काकाजी, तिकडे सगळ्यालाच नग्गर म्हणतात!’ पावतीवर मजकूर ‘कुलू परिसर’ एवढाच. नंतर त्याने फोन उचलणेच सोडले. नातेवाईक म्हणतात, मी चौकशीत कसूर केली. परंतु तीनदा विचारून तीनदा होकार मिळाल्यावर दोष विचारणाऱ्याचा कसा?

सोलंगचे उतार पिवळ्या गवताचे होते. तरी चालकाने वाटेत ठरलेल्या दुकानाशी गाडी थांबवून कोट व गमबूट भाड्याने घ्यावयास लावले.

म्हणून जाणाऱ्यांनी पावतीवर गावाचे व निवासाचे नाव आणि नदीचा काठ लिहून घ्यावा. नग्गर डाव्या काठावर, उंचावर आहे. निवासाच्या मालकाशी स्वतः बोलावे. निम्मी रक्कम मुक्कामी पोहोचल्यावर द्यावी. बर्फासाठी जानेवारी-फेब्रुवारी निवडावा, डिसेंबरात त्याची शाश्वती नसते. आणि वर बर्फ आहे याची खात्री झाल्यावाचून कोटाचे भाडे देऊ नये. औषधे, गरम कपडे जवळ ठेवावेत.

परतीच्या दिवशी पदरमोड करून वर गेलो. गढीच्या लाकडी सज्जात उभी राहून सौ. म्हणाली, ‘इथेच राहायचं होतं ना आपल्याला?’ त्या प्रश्नाचे उत्तर त्या गृहस्थाने द्यावयाचे आहे. ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. पावती जपून ठेवली आहे.